पॉइंटऐवजी हॉल सेन्सर : १७९८ सीसी इंजिनाच्या इग्निशन-बदलाच्या नोंदी

४ मार्च २०२३

काम १९६६ सालच्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीच्या इग्निशनचे, म्हणजे सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेचे आहे. इंजिन बी-सीरीजचे, १७९८ सीसी, पाच मेन बेअरिंगचे. डिस्ट्रिब्युटर (ठिणगी एकेका सिलिंडरला वाटून देणारा भाग) लुकासचा २५डी४ आणि कॉइल (बॅटरीचे व्होल्टेज ठिणगीपुरते वाढवणारी) बॅलास्टशिवायची, म्हणजे जोडीला वेगळा रोध नसलेली. सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या आहेत आणि त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांच्या रीतीप्रमाणे अर्थ पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले आहे. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट (कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा यांत्रिक स्विच) आणि कंडेन्सर काढून त्या जागी हॉल सेन्सरचे, म्हणजे चुंबक ओळखून प्रवाह तोडणारे, मॉड्यूल बसवायचे आणि बाकी सर्व भाग मूळचेच ठेवायचे, असा बेत आहे.

चार्ल्स केटरिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी पॉइंट-कॉइलची पद्धत मोटारगाड्यांत साठ वर्षे टिकली. क्रायस्लरने आपल्या अमेरिकी गाड्यांवर १९७३ मध्ये सरसकट इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले आणि त्यानंतर पॉइंट हळूहळू मागे पडले. जी वस्तू इतकी वर्षे चालली ती मुळात वाईट असण्याची शक्यता कमी, हे ध्यानात ठेवूनच हा बदल करायचा आहे. मॉड्यूल बसवले की गाडी ‘नव्यासारखी’ होते असे हमखास ऐकायला मिळते. पण मॉड्यूल हा केवळ एक स्विच आहे, आणि कॉइल तीच ठेवली तर ठिणगीची ताकद कोठून वाढणार, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नाही. म्हणून या कामात एक शिस्त पाळायची ठरवली आहे : प्रत्येक टप्प्यावर एकच गोष्ट बदलायची आणि ती बदलण्यापूर्वी व बदलल्यानंतर मोजमाप घ्यायचे.

५ मार्च

पॉइंट आहेत त्या स्थितीत मोजमापे घेतली. फिलर गेजने गॅप, म्हणजे पॉइंट उघडल्यावरची फट, ०.३० मिमी भरला. या डिस्ट्रिब्युटरसाठी तो ०.३५ ते ०.४० मिमी हवा. कॅमवर घासणारी पॉइंटची फायबरची टाच झिजली की गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, मागे सरकते. इथेही तेच झालेले दिसते. गॅप ०.३८ मिमीवर आणला, तेव्हा ड्वेल, म्हणजे पॉइंट बंद राहण्याचा कोन, ६१ अंश आला. या डिस्ट्रिब्युटरला ६० अंश, तीन अंश कमी-अधिक, असे प्रमाण आहे, म्हणजे स्थिर अवस्थेत सारे ठीक. मात्र इंजिनाचे मिनिटाला फेरे ६०० वरून २५०० वर नेले असता ड्वेल ६१ वरून ५६ पर्यंत घसरला. गॅप बरोबर असूनही ड्वेल फेऱ्यांबरोबर बदलत असेल, तर दोष पॉइंटमध्ये नसून ते ज्या शाफ्टवर अवलंबून आहेत त्या शाफ्टमध्ये असण्याचा संभव अधिक.

टायमिंग पाहण्यासाठी टायमिंग कव्हरवर दाते आहेत. त्यांतला सर्वांत लांब दाता टीडीसीचा (पिस्टन सर्वांत वर असण्याच्या बिंदूचा) आणि पुढचे ५ व १० अंशांचे. त्यापलीकडचे आगाऊ टायमिंग त्यांवर वाचता येत नाही. त्यामुळे क्रँकच्या पुलीभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर मोजला, तो ४१० मिमी भरला. त्याला ३६० ने भागल्यावर एका अंशाला साधारण १.१४ मिमी येतात. त्या हिशेबाने पट्टीवर ३५ अंशांपर्यंत खुणा केल्या, पट्टी पुन्हा पुलीवर धरून त्या खुणा पांढऱ्या रंगाने धातूवर उतरवल्या आणि पट्टी काढून टाकली. चिकटवलेला कागद फिरत्या पुलीवर राहत नाही.

कमी ओझ्यावर टायमिंग पुढे नेणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करून टायमिंग लाइटखाली, म्हणजे ठिणगीबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली, पाहिले. ६०० फेऱ्यांवर खूण १४ अंशांच्या आसपास होती, परंतु ती स्थिर नव्हती, चार अंशांच्या पट्ट्यात पुढेमागे नाचत होती. ९०० फेऱ्यांवर २४ अंश, १६०० वर २८ आणि २२०० वर ३० अंश. ९०० फेऱ्यांवरचे २४ अंश खटकतात. शेवटचा आकडा योग्य पण मधला आकडा इतका पुढे, याचा अर्थ फेऱ्यांबरोबर टायमिंग पुढे नेणाऱ्या वजनांची स्प्रिंग ढिली पडली असावी.

आणखी एक तपासणी केली, जी सहसा केली जात नाही. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे पिस्टन एकाच वेळी टीडीसीला येतात, त्यामुळे टायमिंग लाइटची क्लिप चौथ्या सिलिंडरच्या लीडवर लावली तरी पुलीवरची तीच खूण कामाला येते. दोन्ही लीडवर क्लिप लावून पाहिली तेव्हा दोन वाचनांत अडीच अंशांचा फरक आला. म्हणजे कॅमचे समोरासमोरचे दोन उंचवटे पॉइंटला सारख्या अंतराने उघडत नाहीत.

११ मार्च

डिस्ट्रिब्युटर बाहेर काढला. क्लॅम्पचा बोल्ट न सोडता क्लॅम्पची पट्टी इंजिनाला धरणारे दोन बोल्ट काढले, म्हणजे परत बसवताना टायमिंग जवळजवळ जागच्या जागी येते. खालच्या टोकाचा ड्राइव्ह डॉग मध्यापासून किंचित बाजूला असल्याने शाफ्ट उलटा बसण्याची भीती नाही.

पॉइंट भिंगाखाली पाहिले. एका तोंडावर राखाडी टोकदार उंचवटा, तर समोरच्या तोंडावर बरोबर तेवढाच खळगा. धातू एका बाजूकडून दुसरीकडे वाहत गेला आहे. पॉइंट उघडत असताना कॉइलमधला प्रवाह एकदम थांबू पाहत नाही, आणि कंडेन्सरने तो क्षणभर आपल्याकडे ओढून घेतला नाही तर उघडणाऱ्या फटीतच आर्क पेटतो. कंडेन्सरची क्षमता ०.२१ मायक्रोफॅरड भरली, जी चांगली आहे, त्यामुळे हा उंचवटा बराच काळ साठत गेलेला असावा. उंचवटा तयार झालेल्या पॉइंटमध्ये फिलर गेज खरा गॅप दाखवत नाही, कारण सपाट पात उंचवट्याच्या टोकावर टेकते आणि खळग्यात शिरत नाही. ड्वेल मीटर याबाबत फसत नाही.

बेस प्लेटच्या दोन पत्र्यांपैकी वरचा व्हॅक्यूमबरोबर फिरतो. त्याला अर्थ देणारी कापडी वेष्टणाची छोटी वायर निम्मी तुटलेली होती. आत तांब्याचे मोजके तंतू शिल्लक होते, आणि पत्रा पूर्ण फिरवला की मीटरवर रोध शून्याच्या आसपास न राहता उड्या मारत होता. कमी ओझ्यावर, म्हणजे व्हॅक्यूम जोरात असताना, मधूनच मिसिंग होणाऱ्या कित्येक जुन्या गाड्यांत कारण हेच असते, आणि त्या गाड्यांचे पॉइंट विनाकारण बदलले जातात. ही वायर मॉड्यूलसाठीही तितकीच महत्त्वाची आहे, कारण मॉड्यूलचा अर्थही याच पत्र्यातून जातो.

शाफ्टचा प्ले, म्हणजे बाजूची हालचाल, डायल गेजने ०.०९ मिमी भरला. ०.३८ मिमीच्या गॅपमध्ये ०.०९ मिमी इतका शाफ्ट डुलत असेल, तर जवळपास पाव गॅप शाफ्टच्या मर्जीवर उघडतो-मिटतो. पाच मार्चच्या नाचणाऱ्या खुणेचा आणि अडीच अंशांच्या फरकाचा उलगडा इथेच होतो.

दोन स्प्रिंगांपैकी हलकी स्प्रिंग ताणलेली निघाली. जाड स्प्रिंगच्या डोळ्यात मोकळी जागा असते आणि ती मुद्दाम ठेवलेली असते : सुरुवातीला एकटी हलकी स्प्रिंग काम करते आणि वजने काही अंतर बाहेर गेल्यावर जाड स्प्रिंग त्यात सामील होते, म्हणून टायमिंगचा आलेख सुरुवातीला चढा आणि पुढे सौम्य होतो. ही मोकळी जागा दोष समजून चिमट्याने दाबून टाकू नये.

१८ मार्च

नवीन बुश (ज्यात शाफ्ट फिरतो ती नळी), नवीन हलकी स्प्रिंग आणि नवीन अर्थ वायर बसवली. बुश सच्छिद्र ब्रॉन्झचा असतो, म्हणून तो बसवण्यापूर्वी चोवीस तास इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवला होता. ठोकून बसवल्यानंतर रीमर चालवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने पृष्ठभागाची छिद्रे बुजतात आणि तेल झिरपायचे थांबते.

यानंतर मॉड्यूल न बसवता जाणूनबुजून पुन्हा पॉइंटच बसवले. जोडी नवी, गॅप ०.३८ मिमी. नोंदींचा सगळा अर्थ या एका पायरीवर अवलंबून आहे. ६०० ते २५०० फेऱ्यांमध्ये ड्वेलमधला बदल पाच अंशांवरून दीड अंशावर आला. आयडलिंगवर खुणेचे नाचणे चार अंशांवरून दीडच्या आत आले आणि पहिल्या व चौथ्या सिलिंडरमधला फरक एक अंशाहून कमी झाला. आगाऊ टायमिंग ९०० फेऱ्यांवर १९ अंश, १६०० वर २५ आणि २२०० वर ३० असे आले, म्हणजे मधला फुगवटा गेला. आयडलिंग इतके स्थिर झाले की कार्ब्युरेटरचे स्क्रू थोडे मागे घेऊन ते पुन्हा ६०० वर आणावे लागले.

आज मॉड्यूल बसवून आणि डिस्ट्रिब्युटरची दुरुस्ती करून दोन्ही कामे एकत्र संपवली असती, तर हा सगळा सुधार मॉड्यूलच्या खात्यावर जमा झाला असता. ‘पॉइंट काढले आणि गाडी बदलली’ या प्रशस्तिपत्रांपैकी बरीचशी अशाच रीतीने तयार होत असावीत असे माझे मत आहे. पॉइंट बदलताना माणूस कॅप पुसतो, रोटर बदलतो, टायमिंग बघतो आणि श्रेय मात्र नव्या डबीला देतो.

२५ मार्च

वीजपुरवठ्याची तपासणी. पॉइंट बऱ्याच गोष्टी सोसतात. मॉड्यूलला मात्र चालण्यासाठी ठराविक किमान व्होल्टेज लागते, आणि सेल्फ मारताना बॅटरीचे व्होल्टेज खाली येते नेमक्या त्याच वेळी ते कमी पडू शकते. पॉइंट बंद ठेवून, म्हणजे कॉइलमधून प्रवाह चालू असताना, बॅटरीपासून कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकापर्यंतची घट मोजली : १.३ व्होल्ट. फार आहे. पांढरी वायर टोकापासून टोकापर्यंत तपासत गेलो, तेव्हा एक व्होल्टच्या आसपास घट एकट्या बुलेट कनेक्टरमध्ये सापडली. त्याची नळी हिरवट पडली होती. कनेक्टर बदलून घट ०.३ व्होल्टवर आली. लुकासच्या वायरिंगमध्ये इग्निशन स्विचनंतरची पांढरी वायर फ्यूजशिवाय थेट कॉइलला जाते, ही गोष्टही या निमित्ताने लक्षात ठेवायची. मॉड्यूलशी काम करताना संरक्षणाला फ्यूज नाही.

कॉइलच्या प्रायमरीचा रोध ३.१ ओहम. मॉड्यूलसोबतच्या पत्रकात चार सिलिंडरसाठी किमान तीन ओहम दिले आहेत, तेव्हा हीच कॉइल चालेल. दीड ओहमची बॅलास्टवाली कॉइल इथे लावली असती तर मॉड्यूलमधून दुप्पट प्रवाह गेला असता.

पोलॅरिटीबद्दल थोडे विस्ताराने. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचे निगेटिव्ह टोक इग्निशन स्विचकडे आणि पॉझिटिव्ह टोक डिस्ट्रिब्युटरकडे असते. यामागचा हेतू असा की प्लगचा मधला इलेक्ट्रोड निगेटिव्ह राहावा : तो तापलेला असतो, तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज बाहेर पडतात, आणि त्यामुळे ठिणगीला कमी व्होल्टेज पुरते. कॉइल उलट जोडली तरी पॉइंटवर गाडी चालते, फक्त ओढ लागली की कुरकुरते. मॉड्यूल उलट जोडले तर मात्र ते त्याच क्षणी जळते. गाडी निगेटिव्ह अर्थ करून घ्यावी असाही विचार केला होता, पण त्यासाठी डायनॅमोला नव्याने पोलॅरिटी द्यावी लागते आणि टॅकोमीटरच्या मागची वायरची फेरी उलटवावी लागते. एका बदलासाठी तीन बदल करण्यापेक्षा पॉझिटिव्ह अर्थसाठीच बनवलेले मॉड्यूल घेतले.

एचटी लीड, म्हणजे प्लगपर्यंत उच्च व्होल्टेज नेणाऱ्या वायर, तांब्याच्या तारेच्या होत्या. त्या रेडिओ लहरींचा गोंधळ निर्माण करतात आणि हॉल सेन्सरला तो चुकून सिग्नल वाटू शकतो, म्हणून रोध असलेल्या सिलिकॉन लीड घेतल्या. मूळ कॅपमध्ये लीड बाजूने आत जाते आणि आतून टोकदार स्क्रू तिच्यात रुततो. तांब्याच्या तारेला हे चालते. कार्बनच्या गाभ्याला असा स्क्रू धड लागत नाही. त्यामुळे लीडबरोबरच ढकलून बसवायच्या तोंडांची कॅपही घ्यावी लागली. या लीड आणि कॅप बसवून पॉइंटवर पुन्हा मोजमाप घेतले. १८ मार्चच्या आकड्यांत काहीही फरक पडला नाही.

१ एप्रिल

मॉड्यूल बसवले. पॉइंट, कंडेन्सर आणि त्यांची वायर काढली, बेस प्लेट स्पिरिटने पुसून कोरडी केली आणि मॉड्यूलची पट्टी पॉइंटच्याच स्क्रूच्या भोकात बसवली. चार चुंबकांची कडी कॅमवर वरून बसते. आतला आकार कॅमसारखाच चौकोनी असल्याने ती वळून बसण्याचा प्रश्न नाही, पण ती पूर्ण खाली टेकली आहे की नाही हे रोटर लावून पाहावे लागते. आधी रोटर मिलिमीटरभर वर राहत होता; कडी अंगठ्यांनी समान दाबल्यावर टक् असा आवाज आला आणि रोटर नीट बसला. कडी आणि सेन्सर यांच्यात ०.७५ मिमी अंतर हवे होते. ते मोजण्यासाठी प्लॅस्टिकची पट्टी वापरली, कारण पोलादी फिलर गेज चुंबकाला चिकटून वाकतो आणि अंतराचा भलताच अंदाज देतो. चारही चुंबक सेन्सरसमोर आणून अंतर पाहिले. सर्वांत कमी ०.७, सर्वांत जास्त ०.८.

मॉड्यूलच्या दोन वायर पूर्वीच्या छिद्रातून बाहेर काढल्या. व्हॅक्यूमच्या हातपंपाने प्लेट पूर्ण फिरवून पाहिली : हालचाल पाऱ्याच्या ५ इंचांच्या आसपास सुरू झाली आणि १३ ला संपली. इतक्या हालचालीसाठी वायरना आत थोडी सैल जागा हवी, पण रोटरला लागेल इतकी नको. वायरचा वेढा प्लेटच्या कडेने नेऊन मूळच्या वायरच्या क्लिपमध्ये धरला.

एक वायर कॉइलच्या पुरवठ्याच्या टोकाला, दुसरी डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला. जोडण्यापूर्वी कोणते टोक कोणते हे रंगावरून न ठरवता मीटरने पाहिले. जुन्या गाडीत कोणी कधी काय उलटे केले असेल याचा नेम नसतो.

चावी ऑन ठेवून इंजिन बंद राहू देऊ नये, याची नोंद इथे ठळकपणे करतो. चुंबक अशा जागी थांबला असेल की मॉड्यूल चालू अवस्थेत आहे, तर १२ व्होल्टवर तीन ओहमच्या कॉइलमध्ये ४ अँपिअर, म्हणजे ४८ वॅट उष्णता मुरत राहते. त्यामुळे वायरिंगचे इतर काही तपासायचे असेल तेव्हा कॉइलची पांढरी वायर काढून ठेवायची.

२ एप्रिल

पहिल्याच सेल्फला इंजिन सुरू झाले. टायमिंग लाइटखाली ६०० फेऱ्यांवर ६ अंश दिसले. हे अपेक्षितच होते : सेन्सर ज्या क्षणी प्रवाह तोडतो तो क्षण पॉइंट उघडण्याच्या क्षणाशी जुळेल असे काही कारण नाही. डिस्ट्रिब्युटर फिरवून १२ अंशांवर आणला आणि शेवटचे दोन अंश दाते असलेल्या नटाने दिले. या नटाचे अकरा ‘क्लिक’ म्हणजे एक अंश, त्यामुळे बावीस क्लिक. असा बारीक नट नंतरच्या डिस्ट्रिब्युटरवर राहिला नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

मोजमापे : खुणेचे नाचणे अर्ध्या अंशाच्या आत, पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये फरक जेमतेम अर्धा अंश, आगाऊ टायमिंगचा आलेख १८ मार्चसारखाच. ड्वेल ५४ अंश आणि फेऱ्यांबरोबर न बदलणारा.

आता ठिणगीच्या ताकदीचा हिशेब. चालू अवस्थेत मॉड्यूलच्या दोन टोकांत ०.९ व्होल्ट घट मिळाली, तर चांगल्या पॉइंटमध्ये ती ०.१ व्होल्टच्या आत होती. म्हणजे कॉइलला मिळणारे व्होल्टेज किंचित घटले. ५००० फेऱ्यांवर डिस्ट्रिब्युटरची एक फेरी २४ मिलिसेकंदांची, एका सिलिंडरच्या वाट्याला ६ मिलिसेकंद. त्यातले ६० अंश ड्वेलने ४ मिलिसेकंद आणि ५४ अंशांनी ३.६ मिलिसेकंद कॉइल भरायला मिळतात. थोडक्यात, वरच्या फेऱ्यांवर या कॉइलमध्ये पूर्वीपेक्षा जराशी कमीच ऊर्जा साठते. प्लगचा गॅप वाढवायचा मोह यामुळे सोडून दिला आणि तो ०.६५ मिमीवरच ठेवला.

उलट टोकाला चित्र वेगळे आहे. सेल्फवर इंजिन अगदी संथ फिरते, पॉइंट सावकाश उघडतात, आणि त्या सावकाशीत बरीच ऊर्जा आर्कमध्ये जाते. ट्रान्झिस्टरला शाफ्टच्या वेगाशी देणेघेणे नसते. तो प्रवाह प्रत्येक वेळी तितक्याच झटक्याने तोडतो. थंड इंजिन सुरू होण्यातला फरक इथला आहे आणि तो खराखुरा आहे.

९ एप्रिल

टॅकोमीटरची तपासणी. या गाडीचा टॅकोमीटर कॉइलकडे जाणाऱ्या वायरची एक फेरी मागे घेऊन तिच्यातल्या प्रवाहाचे ठोके मोजतो. कॉइल तीच आणि प्रवाह जवळपास तेवढाच असल्याने काटा नीट चालतो. ड्वेल मीटरवरच्या फेऱ्यांच्या वाचनाशी ताडले असता ३००० फेऱ्यांवर ५० चा फरक, जो आधीही होता.

लांबवर चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर बंद केले, अर्धा तास तसेच ठेवले आणि पुन्हा सुरू केले. बॉनेटखालची उष्णता सर्वांत जास्त असते ती याच अवधीत, कारण पंखा आणि पाणी दोन्ही थांबलेले असतात. इंजिन सुरू झाले, टायमिंग जागेवर, कॉइल हात लावता येईल इतपत गरम.

पॉइंट आणि कंडेन्सर फेकलेले नाहीत. १८ मार्चला वापरलेली पॉइंटची जोडी व कंडेन्सर स्क्रू-ड्रायव्हरसह डबीत घालून गाडीत ठेवले. पॉइंट बिघडतात ते बहुधा आगाऊ सूचना देऊन, मॉड्यूल बिघडले तर सरळ बंद पडते आणि रस्त्याच्या कडेला त्याला दुरुस्ती नाही. पॉइंट परत बसवल्यावर डिस्ट्रिब्युटर किती फिरवायचा हे आठवणीवर सोडलेले नाही : दोन्ही स्थितींच्या खुणा डिस्ट्रिब्युटरच्या बुडाशी आणि इंजिनावर पंचने उमटवल्या आहेत, एका ठिपक्याची मॉड्यूलसाठी आणि दोन ठिपक्यांची पॉइंटसाठी. पुढची तपासणी तेल बदलताना : रोटरखाली तेलाचे दोन थेंब, वजनांची मोकळी हालचाल आणि चुंबकांच्या कडीचे अंतर.